फक्त थांबण्यासाठी

"दोन मिनिटांत येतो," असं कुणी म्हटलं की सर हातातलं काम थांबवायचे आणि विचारायचे, "कोणाचे दोन मिनिटं?" चहावाला असो, कुरियरवाला असो, नाहीतर आमचे साहेब असोत. समोरचा हसून निघून जायचा. सर हसत नसत. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघून ठेवायचे, आणि तो माणूस परत आला की काही न बोलता पुन्हा एकदा बघायचे.

त्या घड्याळाखाली त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली होती. 'हे घड्याळ चार मिनिटं पुढे आहे.' खाली तारीख आणि सही. दर सोमवारी चिठ्ठी बदलायची. एकदा कुणीतरी स्टुलावर चढून घड्याळ मिळवून टाकलं. सरांनी दुसऱ्या दिवशी नवी चिठ्ठी लावली, 'हे घड्याळ बरोबर आहे असं वाटते.'

त्यांचं नाव मी लिहीत नाही. ते कोराडीला आहेत, धडधाकट आहेत, आणि हे त्यांच्या हाती लागलं तर पहिला प्रश्न येईल, "काहून लिहिलं? कोणी लिहायले सांगितलं तुले?"

आमचं ऑफिस वाडीला होतं, अमरावती रोडला लागून. खाली टायरचं दुकान, वर आम्ही नऊ माणसं. आजूबाजूला सगळी गोडाऊन आणि ट्रान्सपोर्टवाले. त्यांचे गेटपास, पावत्या, वजनं हे सगळं कम्प्युटरवर दिसावं म्हणून ज्या स्क्रीन लागतात, त्या आम्ही बनवून द्यायचो. मी पारशिवनीहून आलेली, पहिलीच नोकरी, तिथंच मागच्या गल्लीत भाड्याची खोली. सर पन्नाशीचे. रोज दोन बस बदलून यायचे आणि दोन्ही बसमध्ये चढताना कंडक्टरला विचारायचे की ही गाडी नक्की जाते ना. पाटी वाचल्यावरसुद्धा.

डबा ते सुतळीनं बांधून आणायचे. गाठ त्यांची स्वतःची होती. दुसऱ्या कुणी सोडून बांधली तर ओळखू यावी अशी. पाणी प्यायला उठले तरी स्क्रीन बंद करायचे आणि कीबोर्डवर नॅपकिन टाकायचे. त्यांच्या टेबलाखाली एक लोखंडी कपाट होतं, त्याला कुलूप, आणि किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात. पुढे पुढे त्या कपाटातून दिवसभर बारीक घूं-घूं आवाज यायला लागला. ऑफिसातली पोरं म्हणायची, आत फ्रिज आहे, सर एकटेच थंड पाणी पितात.

मुलाखत त्यांनीच घेतली होती माझी. आधी माझं सर्टिफिकेट खिडकीकडे धरून उजेडात पाहिलं. मग विचारलं, "पेज उघडल्यावर पाच सेकंदानं एक काम करायचं आहे. कसं करशील?"

हे मला येत होतं. ब्राउझरला 'इतका वेळ थांब, मग हे कर' असं सांगणारा तयार शब्द असतो. "सेटटाइमआउट लावीन, सर. पाच हजार मिलिसेकंद."

"आणि ते नसलं तं?"

"ते ब्राउझरमध्ये असतंच, सर."

"असतेच, असं कसं म्हणते तू? पाहून आली का सगळीकडं?"

ते म्हणाले, "घरी जाऊन विचार कर. ते नाही, सेटइंटर्व्हलही नाही. तयार टायमर एकही नाही. आणि थांबायचं तं आहे. मंग सांगजो मले."

मी विचार केला नाही. नोकरी लागल्याचा आनंद होता. शिवाय प्रश्न मला येडपट वाटला. जी गोष्ट फुकट मिळते ती नसली तर काय, हा काय प्रश्न झाला?

प्रश्न येडपट नव्हता, हे चारेक महिन्यांनी कळलं.

आमच्या एका मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोडाऊनला स्वतःचा काटा होता. जमिनीत बसवलेली लोखंडी पाटी. भरलेला ट्रक त्यावर चढतो आणि बाजूच्या केबिनमध्ये वजनाचा आकडा उमटतो. केबिनमध्ये सुनंदाताई बसायच्या. ट्रक चढला की त्या 'वजन घ्या' हे बटण दाबायच्या आणि आकडा नोंदला जायचा. पण ट्रक पाटीवर चढून ब्रेक मारतो तेव्हा हिंदकळतो. आकडा वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. मागचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो, त्या घाईत बटण लवकर दाबलं जातं आणि नोंद चुकीची होते. म्हणून बटण दाबल्यावर थोडं थांबून, आकडा स्थिर झाला की मगच नोंदायचा, असं काम आमच्याकडे आलं.

किती थांबायचं? कुणीही तीन म्हटलं असतं, पाच म्हटलं असतं. सर दोन दिवस त्या काट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून राहिले. ट्रक चढला की तोंडातल्या तोंडात मोजायचे आणि कागदावर लिहायचे. सुनंदाताईंना पहिल्या दिवशी वाटलं की साहेबांनी आपल्यावर माणूस बसवला. त्यांनी विचारलंही, "माह्यावर नजर ठेवून राहिले का, भाऊ?"

"गाडीवर ठेवून राहिलो," सर म्हणाले. "तुमच्यावरही ठेवीन. पण ठेवीन तवा सांगीन."

त्यांनी आकडा काढला, सहा सेकंद.

गंमत पुढेच होती. त्या काट्याची स्क्रीन गोडाऊनवाल्यांनी बाहेरच्या एका कंपनीकडून घेतलेली होती. तिच्यात आपल्याला छोट्या छोट्या सूचना लिहिता यायच्या, पण काही शब्द वापरायला बंदी होती. सेटटाइमआउट लिहून सेव्ह केलं की लाल अक्षरं यायची, या शब्दाची परवानगी नाही. दुसऱ्या टायमरचंही तेच. सरांनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात काटा व्यवस्थित थांबायला लागला. बटण दाबलं की सहा सेकंद, मग नोंद. सरांनी ते कसं केलं, कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पण मनात एक काटा होताच. सगळ्यांनाच होता. हा माणूस आपल्या सगळ्यांवर संशय घेतो, म्हणजे याच्या मनात काहीतरी असणार, असं ऑफिसात बोललं जायचं. कपाट कुलपात का? काट्याचं काम दुसऱ्या कुणाला का देत नाही? एका दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं.

"गोडाऊनच्या मॅनेजरचा फोन होता. म्हणे दर गाडीले सहा सेकंद तुमची स्क्रीन करते काय? मले काही उत्तर देता नाही आलं. तू जरा पाह्य. त्याले कळू देऊ नको."

मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. नऊ माणसांत साहेबांनी मला निवडलं होतं.

ब्राउझर कुठल्या कुठल्या पत्त्यावर जाऊन काय विचारतो, याची यादी ब्राउझरमध्येच बघता येते. सर जेवायला बसले असताना मी काट्याची स्क्रीन माझ्या कम्प्युटरवर उघडली, चाचणीचं वजन टाकलं आणि यादी बघितली. वजन घेताना दर वेळी स्क्रीन एका तिसऱ्याच पत्त्यावर जात होती. तो पत्ता गोडाऊनचा नव्हता, स्क्रीनवाल्या कंपनीचा नव्हता, आमच्या ऑफिसच्या कामाचाही नव्हता. पत्त्याच्या शेवटी एक लांबलचक आकडा, दर वेळी वेगळा. आणि सहा सेकंदांनी तिकडून जे उत्तर यायचं ते कोरं. एक अक्षर नाही.

कोऱ्या उत्तराची मला जास्त भीती वाटली. वाटलं, लपवायचं आहे म्हणून कोरं आहे. तो लांब आकडा म्हणजे वजनच असणार, उलटसुलट करून बाहेर पाठवलेलं. कोणत्या गाडीत किती माल, हे बाहेर कुणालातरी कळत असणार.

तीन दिवस मी त्या यादीचे मोबाईलवर फोटो काढले. सर माझ्यापासून चार हातांवर पाठ करून बसायचे. मधेच एकदा वळून म्हणाले, "काय वं, डोळे लाल झाले तुये. पाणी मारून ये." मी म्हटलं, काही नाही सर, झोप कमी झाली.

चौथ्या दिवशी साहेबांनी त्यांना आत बोलावलं. मीही होते. साहेबांनी माझा मोबाईल त्यांच्यापुढे सरकवला. सरांनी एकेक फोटो बघितला, सावकाश, सगळे. मग माझ्याकडे बघितलं.

"हे तू काढले?"

"हो, सर."

"किती दिवस?"

"तीन."

"तीन दिवस माह्या मागं बसून होती," ते म्हणाले. "मले विचाराले काहून नाही आली?"

साहेब म्हणाले, "ते राहू द्या. कपाट उघडा."

सरांनी आतल्या खिशातून किल्ली काढली. आम्ही तिघं त्यांच्या टेबलापाशी गेलो, ऑफिस उठून बघायला लागलं. कपाटात एक जुना कम्प्युटर होता, जाडजूड, पिवळा पडलेला, पण धुळीचा कण नाही. त्यावर कागद चिकटवलेला होता. 'फक्त थांबण्यासाठी.'

"याचं काम एवढंच," सर म्हणाले. "काट्याची स्क्रीन याले विचारते, झाले का? हा सहा मोजते आणि उत्तर देते. तवर स्क्रीन मोकळी. टायमर लिहू देत नाहीत नं ते लोक. पण दुसऱ्याले विचारून त्याच्या उत्तराची वाट पाहाले बंदी नाही. उत्तर कोरंच असते, मले त्याच्या उत्तराशी काय करायचं? मले त्याचा वेळ पाह्यजे."

"आणि हा आकडा?" साहेबांनी फोटोवर बोट ठेवलं.

"ती वेळ आहे, त्या क्षणाची. नाही लावली तं ब्राउझर समजते, हे तं मघाशीच विचारलं होतं, आणि ठेवलेलं जुनंच उत्तर काढून देते. थांबतच नाही. म्हणून दर वेळी नवीन."

आता मला हे अगदी सरळ दिसतं. तेव्हा मी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना निम्मं कळलं नव्हतं, आणि न कळलेल्या निम्म्याचा त्यांना राग आला होता. "सहा मोजाले अख्खा कम्प्युटर? आणि तोही कुलपात? मॅनेजरले हे सांगू मी?"

"तुम्हाले सांगितलं होतं. ऑफिसचा कम्प्युटर मागितला होता. तुम्ही म्हणाले, काहीही करा, चाललं पाह्यजे. मंग मी घरचा आणला."

साहेबांना आठवत नव्हतं. किंवा आठवलं आणि नको वाटलं. ते म्हणाले, काही दिवस घरी राहा, आम्ही शहानिशा करतो.

सरांनी भांडण केलं नाही. त्यांनी वायर काढल्या, गुंडाळल्या, कम्प्युटर एका मोठ्या पिशवीत उभा घातला आणि जिन्याकडे निघाले. घूं-घूं बंद झाल्यावर ऑफिस किती शांत असतं ते सगळ्यांना बऱ्याच दिवसांनी जाणवलं. कुणी पिशवीला हात लावला नाही. मीही.

आता काट्याचं थांबणं बंद पडणार होतं, आणि ते संध्याकाळपर्यंत मी लिहून द्यायचं होतं. मला एक युक्ती लगेच सुचली. टायमर नाही, पण किती वाजले हे विचारायला बंदी नव्हती. मग स्क्रीनला सांगायचं, घड्याळ बघ. सहा सेकंद झाले का? नाही. पुन्हा बघ. झाले का? पुन्हा बघ. होईपर्यंत दुसरं काही करू नको. चार ओळी. मी वजनाच्या जागी एक आकडा टाकला, बटण दाबलं, स्क्रीन बरोबर सहा सेकंद थांबली आणि आकडा नोंदला. साहेब मागे उभे होते. "झालं नं चार ओळीत? उगाच बाऊ करून ठेवला होता." त्या दिवशी मी घरी फोन करून आईला सांगितलं, सरांचं काम आता माझ्याकडे आलं.

नऊ-दहा दिवसांनंतरची गोष्ट. सकाळी सुनंदाताई आमच्या ऑफिसचा जिना चढून आल्या. चाळिशीच्या, बारीक, नेहमी नीट चोपून नेसलेली साडी. त्या दिवशी पदर कसाही खोचलेला. साहेब आले नव्हते. त्या सरळ माझ्यापाशी आल्या.

"मॅडम, मले कालपासून येऊ नको म्हणते मॅनेजर."

माल जिथं उतरायचा तिथल्या काट्यावर वजनं जुळत नव्हती. एखादी गाडी दीडशे किलोनं कमी, एखादी दोनशेनं जास्त. मॅनेजरचं म्हणणं, बाई ड्रायव्हरांशी मिळालेली आहे.

"ते पोरगं होतं दोन वर्षांआधी केबिनमध्ये, त्याले पकडलं होतं असंच," त्या म्हणाल्या. "आता मले त्याच्या लायनीत बसवून राहिले. माह्या पोरीची बारावी आहे. रस्त्यानं लोक माह्याकडं पाहतेत."

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिलंच पाहिजे. मला वाटलं, खरंच केलं असेल का हिनं? की सरांनी शिकवून पाठवली माझ्याकडे? मी जरा कोरडेपणानं विचारलं, "स्क्रीनमध्ये काही वेगळं वाटलं का तुम्हाला?"

"वाटते नं. पहिले मी बटण दाबो, तं आकडा हालत राहे. वर-खाली, वर-खाली, मंग बसे. आता दाबलं की आकडा गोठते. जसा होता तसा. सहा सेकंद हालतच नाही. मी मॅनेजरले सांगितलं, तं म्हणे स्क्रीन तं थांबते नं, मंग तुले काय पाह्यजे?"

गोठते. तो शब्द ऐकला आणि मी खुर्ची मागे सारून उठले.

मी त्यांच्याबरोबर गोडाऊनवर गेले. केबिनमध्ये तात्पुरता दुसरा माणूस बसला होता. एक ट्रक चढला, हिंदकळला, त्यानं बटण दाबलं. बाहेर पाटीशेजारच्या फलकावर लाल दिव्यांच्या आकड्यांत वजन वर-खाली होत होतं आणि आत स्क्रीनवर आकडा दगडासारखा. सहा सेकंदांनी तोच, बटण दाबतानाचा आकडा नोंदला गेला.

मी स्क्रीनला सांगितलं होतं, दुसरं काही करू नको. तिनं केलं नव्हतं. काट्याकडून येणारे नवे आकडे ती बघतच नव्हती. सहा सेकंद थांबायची, पण डोळे मिटून. माझ्या टेबलावर हे कधीच दिसलं नसतं, कारण माझ्या टेबलावरचा आकडा हलत नव्हता.

सुनंदाताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी त्यांना म्हटलं, बघते मी, आणि तिथून निघाले. तेव्हाही बोलले नाही.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "नवीन लिही आणि गुपचूप टाक. आपली चूक म्हटलं तं काम जाईल हातातून. त्या बाईचं ते पाहतील."

"पण त्यांना काढलं, साहेब."

"ते त्यांच्या घरचं आहे."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी कोराडीची बस पकडली. कॉलनीत दोन-तीन ठिकाणी विचारत गेले. तळमजल्याचं घर, खिडकीला जाळी. बेल वाजवली तर जाळीमागून सरांचा आवाज आला.

"कोणी पाठवलं?"

"कुणी नाही, सर."

"साहेबानं?"

"नाही. त्यांना माहीत नाही."

"मोबाईल बाहेर ठेव. त्या कुंडीजवळ."

मी ठेवला. मागून काकू आल्या, दार उघडून म्हणाल्या, "आत ये, बाई. याहीचं मनावर घेऊ नको. मी चहात साखर टाकली म्हटलं, तं पंचवीस वर्षं झाले, अजूनही चमचा फिरवून पाहतेत." त्यांनी पाणी दिलं. सर समोर बसले, आणि मी सगळं सांगितलं. चार ओळी, आईला केलेला फोन, गोठलेला आकडा, सुनंदाताई.

मला वाटलं होतं ते ओरडतील, किंवा खूश होतील. त्यांनी विचारलं, "ती बाई कुठं आहे?"

"परवापासून घरी."

"आणि तुले कळलं कधी?"

"काल."

"काल कळलं. आणि कालचा एक दिवस ती चोर म्हणून घरी बसली."

मी म्हटलं, "सर, माझं चुकलं. तुमच्या बाबतीतही आणि..."

"माह्याजवळ नको म्हणू," ते म्हणाले. "माह्यावर संशय घेतला त्याचं मले काही नाही. मी दिवसातून दहा लोकांवर घेतो. पण तोंडावर घेतो. सांगून तपासतो. खरं नाही निघालं तं तिथल्या तिथं मिटते. तू मोबाईलमध्ये भरून ठेवला. असा ठेवला की तो वाढते." मग उठले. "उद्या सकाळी नऊ वाजता काट्यावर येतो मी. पण बोलायचं तू. मी एक शब्द बोलणार नाही."

सोमवारी ते नऊला पाच मिनिटं असताना आले. मी आधीच सुनंदाताईंना घरून घेऊन आले होते. त्या यायला तयार नव्हत्या. तुमच्यावर भरवसा कसा ठेवू, म्हणाल्या. मी म्हटलं, ठेवू नका, नुसत्या चला.

मॅनेजर केबिनबाहेर उभे होते. मी म्हटलं, "साहेब, वजनं चुकली ती माझ्या स्क्रीननं. यात यांचा काही संबंध नाही."

"असं तुम्ही म्हणाल, आणि मी मानू?" ते म्हणाले. "आता तुम्ही तिघंही एकाच बाजूचे वाटून राहिले मले."

सर बोलणार नव्हते, तरी माझ्याकडे बघून त्यांनी नुसती पाटीकडे मान केली. मला कळलं. मी एक भरलेला ट्रक पाटीवर घ्यायला सांगितला. चढता चढता, ट्रक हिंदकळत असतानाच, मॅनेजरना स्वतःलाच बटण दाबायला लावलं. सहा सेकंदांनी आकडा नोंदला. मग ट्रक तसाच उभा ठेवला आणि पुन्हा दाबायला सांगितलं. दुसरा आकडा एकशे ऐंशी किलोनं वेगळा आला. तोच ट्रक, तोच माल, बोट त्यांचं स्वतःचं. मॅनेजरनी तिसऱ्यांदा केलं, दुसरा ट्रक घेऊन. मग चष्मा काढून पुसला.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

"तुमच्या साहेबाले माहीत आहे?"

"माहीत आहे. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते."

हे वाक्य बोलतानाच कळलं की माझी नोकरी गेली, आणि तसंच झालं. महिनाअखेरीस साहेबांनी मला जायला सांगितलं. सरांना त्यांनी परत बोलावलं होतं. सर गेले नाहीत.

पण त्या सकाळी मॅनेजरनी सरांना विचारलं, "आता दुरुस्त कोण करते? तुम्ही?"

"ही करते."

"हिच्यावर भरवसा आहे तुमचा?"

"भरवसा?" सरांनी माझ्याकडे पाहिलं, विचार केल्यासारखं. "नाही. माहा तं माह्यावरही नाही. पण चुकली तं सांगाले आली. लिहू द्या तिले."

मी केबिनमधल्या खुर्चीत बसले. ते मागे उभे राहिले आणि मला एकेक प्रश्न विचारत गेले, मुलाखतीतल्यासारखे. त्यांचा कम्प्युटर ते आता देणार नव्हते. मग दुसरं कोण थांबू शकते? ब्राउझर स्वतः काय काय करते ज्याले वेळ लागते? मी म्हटलं, स्क्रीनवर काही हलवायचं असलं तर तो ते ठरल्या वेळात हलवतो. आणि हलवून झालं की? झालं, असं सांगतो. मंग?

मग मी एक हिरवी रेघ लिहिली. बटण दाबलं की ती डावीकडून निघते, सहा सेकंदांत उजवीकडे पोचते. सरकवायचं काम ब्राउझरचं. पोचली की तोच कळवतो आणि तेव्हाच आकडा वाचायचा. तोवर स्क्रीनचे डोळे उघडे. सरांचं एवढ्यावर समाधान झालं नाही. कुणी कम्प्युटरवरची ती खिडकी बारीक करून ठेवली तर रेघेचं काय होईल, कुणाला माहीत? म्हणून रेघ पोचल्यावर घड्याळ तपासायचं, सहा सेकंद खरंच झाले का. आणि आकडा लागोपाठ तीनदा सारखा आला का ते बघायचं. नाही आला तर रेघ पुन्हा सोडायची. लाल अक्षरं आली नाहीत. सगळं सेव्ह झालं.

मॅनेजरनी खूण केली तशा सुनंदाताई आपल्या खुर्चीत बसल्या. पहिली गाडी चढली, त्यांनी बटण दाबलं. रेघ निघाली, आकडा वर-खाली झाला, बसला. दारात उभ्या सरांचे ओठ हलत होते. "सहा," ते म्हणाले. चार गाड्या त्यांनी अशा मोजल्या. मग चप्पल घातली.

"मी जातो. पाहजो तू," एवढंच म्हणाले आणि अमरावती रोडकडे चालायला लागले.

मी सुनंदाताईंना म्हटलं, "ताई, माझ्यामुळे तुम्हाला चोर म्हणून घरी बसावं लागलं. माफ करा मला."

त्यांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. "दहा गाड्या होतपर्यंत उभी राह्य इथंच," त्या म्हणाल्या. "मंग पाहू."

मी उभी राहिले. ऊन केबिनच्या पत्र्यावर आलं होतं. दर गाडीला त्या आधी बाहेरचे लाल आकडे बघायच्या, मग आतले, मग बाजूच्या वहीत स्वतःच्या हातानं वजन लिहून ठेवायच्या. एकदाही माझ्याशी बोलल्या नाहीत. सात झाल्या, आठ झाल्या. दहावी गाडी उतरून गेली तरी त्या काही म्हणाल्या नाहीत, आणि मीही हलले नाही.

अकरावी गाडी पाटीवर चढत होती. सुनंदाताईंनी बटणावर बोट ठेवलं, रेघ सुटली, आणि तिच्याकडे बघता बघताच त्यांनी टेबलाखालचं स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं.